खांद्यावरचा हात

मितेश : मॅडम, आप बैठिए ना, फ्लेक्स आधे घंटे में...

दक्षता : मराठीत बोल रे. मी इथे कोपरीतच जन्मलेय.

मितेश : अरे वा! एक नंबर बोलता. मला वाटलं फॉरेनर. कुठे शिकलात?

दक्षता : आईकडे. जिचा बॅनर करतोयस तिच्याकडे.

मितेश : सॉरी ताई. म्हणजे तुम्ही गोदामावशींच्या... दौलतमामांनी नुसता फोटो नि मजकूर पाठवलेला. बाकी काय बोलले नाहीत.

दक्षता : माझे मामा फारसं बोलत नाहीत. फोटो दाखव.

मितेश : हा बघा. मावशी काय मस्त हसतायत! फक्त खांद्यावर हे काळं काय आलंय? सावली आहे का कोणाची?

दक्षता : ...हो. सावली असेल.

मितेश : पण बोटं दिसतात ना.

दक्षता : सावलीच आहे. मामांनी काढायला सांगितलंय ना? काढ.

मितेश : सांगितलंय. थांबा हां... गेली. आता पदर तिथे दबलेला दिसतोय, तो पण सरळ करतो.

दक्षता : पदर राहू दे.

मितेश : ऑड दिसेल.

दक्षता : दिसू दे.

मितेश : ओके. आता नाव. ‘कै. श्रीमती गोदावरी’. मिस्टर आधी गेले ना? नाहीतर ‘सौ.’ येतं. मागे एकाचं चुकलेलं, तर नवरा स्वतः दुकानात आलेला भांडायला. बोलला, मला जिवंतपणी मारला काय?

दक्षता : मामांनी जे लिहिलंय तेच ठेव.

मितेश : आडनाव नाय दिलंय.

दक्षता : नको.

मितेश : ताई, फोन वाजतोय तुमचा. मघापासून.

दक्षता : हॅलो... थांबा, स्पीकरशिवाय ऐकू येत नाही याच्यावर. हं, बोला पप्पा.

पप्पा : जेवलीस का गो?

दक्षता : हो.

पप्पा : नाय जेवलीस. बॅनरवाल्याकडे ना? मामाने तो एकवीरेच्या जत्रेतला फोटो दिलाय ना? तेवढ्या एका फोटोत तुझी आय मनापासून हसलीय. पण त्यात माझा हात आलाय खांद्यावर. तो काढायला सांग. कोळीवाड्याच्या नाक्यावर लागणार, उगाच तुझ्या मामाला कोण काय बोलायला नको. काढलास?

दक्षता : नाही... अजून नाही.

पप्पा : मग काढ. लाजतेस काय? फक्त त्या पोराला सांग, हळू काप. तिच्या खांद्याला लागू देऊ नको.

दक्षता : पप्पा, दहाव्याला तुम्ही...

पप्पा : मी इथे शहाडलाच बरा. नदीवर जाऊन करीन काय ते. तू जेव गो.

(फोन बंद.)

मितेश : काकांचं बोलणं तर एकदम कोळीवाड्यातलं.

दक्षता : आईचंच उचललंय. आफ्रिकेतून, मोम्बासाहून आले तेव्हा ‘पाणी’ सुद्धा म्हणता येत नव्हतं.

मितेश : तुम्ही सावली बोललेलात.

दक्षता : हो. मीच बोलले.

मितेश : पाणी देऊ, ताई?

दक्षता : नको. माझ्याकडे बघू नकोस फक्त. काम कर तुझं.

मितेश : ...परत आणू?

दक्षता : येतो?

मितेश : येतो ना, एक बटण आहे. पण मामांना काय सांगू?

दक्षता : माझं नाव सांग.

मितेश : आला बघा. पदर पण आता बरोबर वाटतो, नाय?

दक्षता : वर ‘श्रीमती’ आहे ना?

मितेश : हो.

दक्षता : तिथे ‘सौ.’ कर. पप्पा आहेत माझे.