आधी वरचा नट

चूक काकांची. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी उठून मला 'मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये' वगैरे ऐकवायला नको. मोठ्या माणसांबद्दलच बोलायचंय, कारण सगळं त्यांनीच केलंय. लहान म्हणावं असं तिथे मी एकटाच होतो, वय तेवीस, कॉलेज अर्ध्यात सोडलेला, म्हणजे आमच्या घरच्या मोजमापात वय सात.

तर तुम्हाला सांगतो, बाबांकडे एक मोटारसायकल आहे. लांबच्या प्रवासाची, पावणेतीनशे किलोची, दोन्ही बाजूंना पेट्या, समोर ही एवढी काच. निवृत्त झाल्यावर घेतली, 'आता जग बघायचं' म्हणून. त्याला चार वर्षं झाली. जग आहे तिथेच आहे, आणि बाबा दर रविवारी तिच्यावर बसून कोपऱ्यावर पेपर आणायला जातात. चालत गेलं तर तीन मिनिटं लागतात, गाडीने आठ, कारण हेल्मेट, हातमोजे, जॅकेट...

ह्या गाडीला चेन नसते. त्याऐवजी आतून एक दांडा जातो, शाफ्ट म्हणतात, तो मागच्या चाकाजवळच्या एका डब्यात शिरतो, डब्यात दोन दातेरी चाकं, आणि त्यांनी एकमेकांना खाऊ नये म्हणून कपभर तेल. कपभर, हां. ते अधूनमधून बदलायचं. डब्याला दोन नट. खालच्यातून जुनं बाहेर, वरच्यातून नवं आत, संपलं. फक्त एक पथ्य आहे, आधी वरचा सैल करून बघायचा. का? तर समजा तुम्ही खालचा काढलात, तेल सांडून बसलात, आणि मग वरचा निघालाच नाही, तर? आत थेंब नाही, घालायला भोक नाही, गाडीचा पुतळा. म्हणून आधी वरचा. एवढंच. मला आयुष्यात खात्रीने माहीत असलेल्या तीन-चार गोष्टी असतील, त्यातली ही एक.

आणि नेमकं ह्या वेळी ते माहीत असण्यावर सगळं अडलं होतं. एक बाई आहेत, मोटारसायकलवाल्यांना डोंगरातून फिरवून आणतात, वीस-वीस गाड्यांचा ताफा. त्यांना ताफ्याच्या शेवटी चालणारा माणूस हवा होता. मागे पडलेला, पंक्चर झालेला, घाटात रडायला बसलेला, सगळ्यांना गोळा करत येणारा. सहा महिन्यांचं काम. स्वतःची शाफ्टची गाडी पाहिजे आणि सगळी तेलं ताजी पाहिजेत. "सोमवारी सकाळी सहाला निघायचं. सहा म्हणजे सहा," बाई म्हणाल्या. कॉलेज सोडल्यापासून दोन वर्षं मी घरात काही मागितलं नव्हतं, ही गाडी मागितली. बाबांनी तीन दिवस विचार केला, म्हणजे तीन दिवस काकांना फोन केले, आणि मग म्हणाले, "देतो. पण तेल माझ्यासमोर बदलायचं. आणि दादा येईल बघायला."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आमचे काका. चाळीस वर्षं पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर. काकांनी चाळीस वर्षांत काय केलं म्हणाल, तर दुसरा माणूस नट फिरवत असताना त्याच्या मागे उभं राहून 'हां' म्हटलं. पण 'हां'मध्ये इतका अनुभव की विचारू नका.

रविवारी नऊ वाजता पार्किंगमध्ये सभा भरली. गाडी डबल स्टँडवर, खाली तसराळं, बाबा खुर्चीत, काका दुसऱ्या खुर्चीत, दोघांच्या हातात चहा, आणि मी जमिनीवर पालथा. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आई. "मिस्त्रीला बोलवा की," आई म्हणाली. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. मी गाडी आधी थोडी फिरवून आणली होती, तेल कोमट झालं की पटकन उतरतं म्हणून, आणि पाना लावला वरच्या नटाला.

"थांब थांब थांब." काका. "वरचं उघडून काय करणार आहेस? तेल वर उडतं का?"

"आधी वरचा काका. निघतोय का ते बघायचं."

"न निघायला काय झालं? खालचं काढ. आधी रिकामं करायचं, मग भरायचं. बादली कशी भरतोस तू?"

आता बादलीचा काय संबंध? बादलीला झाकण असतं का, झाकणाला आटे असतात का? मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय. तर काका बाबांकडे बघून हसले, ते खास हसू, पुतण्याकडे न बघता पुतण्यावर हसायचं. "पुस्तक म्हणे. पुस्तकं वाचायची होती तेव्हा कॉलेज सोडलंस ना रे?"

आणि बाबा, ज्यांनी ह्या गाडीचं टायरसुद्धा कधी वाकून बघितलेलं नाही, ते कपात बघत म्हणाले, "दादा सांगतोय तसं कर. किल्ली हवीय ना तुला?"

हवी होती. तीच तर बोंब होती. मी पाना खाली नेला. दोन झटक्यांत खालचा नट निघाला, तेल आलं भळाभळा, काळंकुट्ट. त्या नटाला आतून लोहचुंबक असतं, त्यावर झिजलेल्या लोखंडाचा करडा गाळ. काकांनी नट दोन बोटांत धरून खिडकीतल्या आईला दाखवला, स्वतः काढल्यासारखा. "बघ गं, काय घाण होती आत."

मी नट पुसला, नवा वायसर घातला, बेताने आवळला. मग वरच्याला पाना लावला.

ढिम्म.

पुन्हा लावला. ढिम्म. पायाने दाबला. गाडी हलली, स्टँड कुरकुरला, बाबा "माझी गाडी, माझी गाडी" करत उठले, नट जागेवर. मी म्हटलं हा एवढा का बसलाय, कंपनीत तर कुणी असा आवळत नाही. आणि मग काका, चहाचा शेवटचा घोट घेऊन, अगदी शांतपणे म्हणाले, "बसणारच. मागच्या वर्षी मीच आवळला तो. पाझरत होता. पान्याला पाइप लावून वर उभा राहिलो. तेव्हापासून एक थेंब आलाय का बाहेर?"

नाही आला. आणि आत पण जाणार नाही, काका, आता कधीच. सांगा मला, ज्या माणसाने स्वतः उभं राहून तो नट कसलाय, तोच 'न निघायला काय झालं' म्हणतो? मी म्हटलं होतं, आधी वरचा. एवढंच तर म्हटलं होतं.

मग गंज सोडवायचा स्प्रे. मग गरम पाणी. मग काकांचा पाइप, तोच, मागच्या वर्षीचा, घरून मागवलेला. पाइपाने एकच गोष्ट झाली, नटाचे कोपरे गेले, आणि सहा कोनांचा नट सुपारीसारखा गोल झाला. मी म्हटलं अजून एक करता येईल, गाडी सावकाश आडवी करू, गादी टाकून, खालचं भोक वर येईल, त्यातून भरू. चौघं मिळून होईल. काकांची कंबर. बाबांचा गुडघा. आणि बाबा म्हणाले, "आडवी? माझी गाडी आडवी?" असं म्हणाले की जणू मी आजोबांना आडवं करा म्हटलं.

बारा वाजता मिस्त्री आला. आईनेच फोन केला होता. बसला, नटावरून अंगठा फिरवला, वर बघितलं आणि मला म्हणाला, "आधी वरचा नाही उघडलात?"

तुम्हाला सांगतो, मला त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. काका पार्किंगच्या छताकडे बघायला लागले, छताला अचानक काहीतरी झालं होतं. मिस्त्री म्हणाला डबा उतरवून न्यावा लागेल, नट पोखरून काढावा लागेल, बुधवार धरा.

सोमवार सकाळी सहा. सहा म्हणजे सहा.

मी बाईंना फोन लावला, तिथेच, खुर्च्यांसमोर. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, आधी वरचा उघडतात ना?"

"हो मॅडम, माहितीय मला. मी म्हटलंही होतं. पण काका म्हणाले..."

"पाना कुणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"बुधवारचं काही नाही रे," बाई म्हणाल्या, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, त्याचाच जास्त त्रास होतो. "दोन दिवस मी थांबले असते. पण तिथे घाटात रोज कुणीतरी काका भेटणार. वयाने मोठा, आवाजाने मोठा, चुकीचं सांगणारा. माहीत असून तू ऐकणार असशील, तर शेवटच्या गाडीवर तू नको."

फोन ठेवला. बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, नको म्हणाल्या. बाबा म्हणाले, "बरं झालं, घाट वाईट असतात." आणि काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेलाचा, आणि म्हणाले, "मी आहे ना. माझा शब्द आहे अजून कारखान्यात."

गाडी बुधवारी नीट झाली. बाबा रविवारी पेपर आणायला गेले.

तर माझ्या पदरात पडलं ते एवढं, डोंगरातले सहा महिने गेले, आणि सोमवारपासून मी पंपांच्या कारखान्यात लागलोय, सकाळी सहाची पाळी. काम नट कसायचं. मागे एक सुपरवायझर उभा असतो.