लिंबाखाली बसायचं न्हाई

मंडळी, हातातली कामं टाकून आलात. मला बोलायला उभं केलंय. परवापासून वाक्यं जुळवतोय. जुळंनात.

सोपानमामा गेले. अर्धं आयुष्य मेंढरं राखली, मग आमच्या संशोधनाच्या रानात निरीक्षक झाले. ऊन, वारा, पाऊस. सकाळी साडेआठ, दुपारी अडीच. नोंद कदी चुकली न्हाई. पोरीच्या हळदीदिवशीही पिवळ्या हातानं वही लिहून गेले.

त्या रानात एक खांब हाय. झाडं हवेतला वायू किती घेतात, किती सोडतात, ते त्यावरचं यंत्र मोजतं. मी परळीचा, वीजकेंद्राच्या राखेच्या धुरळ्यात वाढलेला. मला या कामाचं लई कौतुक. मामांना सांगितलं, आपण झाडांचा श्वास मोजतो. ते हसले. म्हणाले, "मेंढराचा दम पोटाकडं बघून कळतो सायब. झाडाचं पोट कुठं हाय?"

मी दर मंगळवारी यायचो. अन् मंगळवारीच यंत्राचा आकडा उसळायचा. मला वाटलं, मामा खांबाशेजारच्या कडूलिंबाखाली भाकरी खायला बसतात, त्यांचाच श्वास यंत्रात जातो. गेल्या उन्हाळ्यात मी फर्मान काढलं. लिंबाखाली बसायचं न्हाई. चैत्रात सगळं रान बोडकं असतं, हिरवं झाड ते एकच. मामा गपचूप उघड्या खडकावर जाऊन बसले, डोक्याला टॉवेल गुंडाळून.

तरी आकडा उसळतच राहिला. मी म्हणालो, मामा, तुमी लपून बसता. खोटं बोलता.

तर म्हणाले, "सायब, मी काय मंगळवारीच दम टाकतो व्हय?"

मी अजूनच चिडलो.

मग यंदा होळीच्या आसपास माझी जीप बिघडली. एसटीनं कडा गावच्या स्टँडवर उतरलो, तिथून पायी आलो. त्या मंगळवारी आकडा सरळ. पुढच्याही मंगळवारी सरळ. आलं का ध्यानात? लॅपटॉप चार्जिंगला लावून मी जीप चालू ठेवायचो, त्या खांबाखालीच. धूर माझा होता, मंडळी.

मला कळलं. आणि मी बोललो न्हाई. दर आठवड्याला भेटलो, त्यांच्या हातचा चहा पिलो, आणि बोललो न्हाई. एवढी शिकलेली जीभ, उचलली न्हाई. लाज वाटली. उद्या सांगू म्हणलं.

परवा भर दुपारी मामा त्याच खडकावर कोसळले. डॉक्टर म्हणतात, हृदयाचा झटका. उन्हाचा त्यात किती हात, मला न्हाई सांगता येत. एवढंच माहीत हाय, सावली पन्नास पावलांवर होती आणि ती मी बंद केली होती.

गयामामी, मामांनी घरी येऊन सांगितलं असंल, सायब मला खोटारडा म्हणाला. मामी, तुमचा माणूस खोटं बोलला न्हाई. एकदाही न्हाई. हे त्यांना सांगायचं होतं, ते आता तुमाला सांगतोय, गावासमोर. माफ करा असं म्हणायचा हक्क मला न्हाई. म्हणत न्हाई.

चला, उठा मंडळी. मामींना कुणीतरी हात द्या. दोन मिनिटं गप उभं राहू.

मामा, चूक माझी होती.