दारूला माझं पाणी नाही

वाइनच्या द्राक्षाचा मणी जेमतेम हरभऱ्याएवढा असतो. बोटांत दाबला तर थेंबभर रस निघतो. साल मात्र जाड, आणि तिचा जांभळा डाग साबणाने धुतला तरी नखाच्या कडेला राहतोच. खायच्या द्राक्षाशेजारी ठेवला तर वाटावं, हा त्याचा उपाशी भाऊ.

मंडळी, ऐका! आज या मण्याचं आख्यान आहे. हो, वाइनचंच! मृदंगवाले बुवा, कानांवर हात नका ठेवू, ऐकून चढत नाही. आणि मघापासून खांबाला टेकून डुलक्या घेणारे एकदम ताठ झाले ते कशाला? वाटप नाहीये!

माझा प्रश्न असा. एखाद्याने आपलं वाईट व्हावं म्हणून काही केलं, आणि त्यातून आपलं भलं झालं, तर त्याचे उपकार मानायचे का? तुम्ही म्हणाल, देवाचे मानू. देवाचे मानणं सोपं आहे हो! देव काही समोर बसून मिशीला पीळ देत नाही. मी माणसाचं विचारते आहे. – विठ्ठल विठ्ठल!

दिंडोरीच्या बाजूला एका गावात हेमलता नावाची बाई होती. रसायनशास्त्र शिकलेली. लग्न होऊन आली, सासरची द्राक्षं पाहिली आणि माळावरच्या मुरमाड तुकड्यात वाइनची वेल लावली, थोडी खाली ओढ्याकाठच्या ओलाव्याच्या तुकड्यातही. नवरा उत्तम, नावासारखाच. म्हणाला, "लाव. नाही आली तर बोरं तरी येतीलच तिथे."

विहीर सामाईक. अर्धी यांची, अर्धी चुलत दीर रंगनाथची. रंगनाथ माळकरी माणूस. खायच्या द्राक्षांची बाग इतकी देखणी की वाटेवरचा माणूस सायकल थांबवून बघेल. पाण्याचा व्हॉल्व्ह त्याच्या शेतात. दोन वर्षं त्याने माळाला पाणी सोडलं, बिचाऱ्याला वाटत होतं बेदाण्याची द्राक्षं आहेत. तिसऱ्या वर्षी पहिलं पीक धरलं, आणि ते कशासाठी आहे हे त्याला कळलं. त्याने व्हॉल्व्ह फिरवला.

हेमलता बांधावर गेली. तिने हक्क सांगितला, हिस्सा सांगितला. रंगनाथ शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुमची बाग आहे, तुम्ही काय वाटेल ते करा. दारूला माझं पाणी नाही."

आता सांगा, हा माणूस वाईट का? त्याच्या हिशेबाने तो पुण्यच करत होता! दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी तोडून पुण्य! – हसू नका. आपणही करतो. शेजारणीचं भलं व्हावं म्हणूनच नाही का आपण तिची चहाडी तिच्या सासूकडे करत?

तर वेली तहानल्या. पानं गळाली नाहीत, पण मणी फुगेचनात. हेमलताने शंभर मणी काट्यावर ठेवले. खालच्या ओढ्याकाठच्या मण्यांच्या मानाने निम्मंसुद्धा वजन नाही! पदराने डोळे पुसले. गाव म्हणालं, उपट ती वेल. ती हट्टी. तिने ती सगळी द्राक्षं वेगळी तोडली, वेगळी आंबवली आणि एका पिंपात बंद करून ठेवली. रागानेच ठेवली म्हणा ना.

दोन वर्षांनी पिंप उघडलं. तिने घोट घेतला आणि पेला उजेडात धरला. उत्तमने विचारलं, "बिघडली का?" तिने पेला त्याच्या हातात दिला. त्याने घोट घेतला आणि दुसऱ्या घोटासाठी पेला पुढे केला.

काय झालं होतं? शिकलेली बाई, तिला तिथेच कळलं. मणी लहान म्हणजे रस थोडा आणि साल जास्त. रंग सालीत, वास सालीत, चवीचा कणा सालीत. वरून पाणी मिळेना म्हणून मुळं मुरमाच्या फटीफटींतून खाली गेली होती, पावसाची मुरलेली ओल शोधत. खालच्या तुकड्यात, जिथे पाणी पोटभर होतं, तिथली वाइन त्याच पिंपाशेजारी होती. बरी होती. नुसती बरी.

मंडळी, तुम्हाला माहीत नसेल, जगात उंची वाइनचा एक बाजार आहे. जशी आपल्याकडे सोन्याची पेढी. लोक बाटली विकत घेतात, तळघरात वर्षानुवर्षं निजवतात आणि पीत नाहीत! आपल्या रंगनाथसारखेच! त्या बाजारात जुनी घराणी ठरलेली. पण पारखी लोक नेहमी शोधत असतात की उद्या कोण उगवणार, कुठल्या नव्या देशातली, कुठल्या नव्या मातीतली. अशीच एक पारखी बाई लंडनहून नाशिकला आली, आणि पाणी तुटल्याला पाच वर्षं झाली तेव्हा हेमलताच्या ओट्यावर येऊन बसली. तिने माळावरची वाइन चाखली, डोळे मिटले, पुन्हा चाखली. म्हणाली, मी जिथे जाईन तिथे हिचं नाव सांगेन. मग विचारलं, हे कशामुळे झालं?

हेमलता म्हणाली, "जमीन मुरमाड आहे."

खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. जिने आयुष्यभर थेंब मोजून लिहिले, तिने एक अख्खा माणूस उत्तरातून गाळला! त्या संध्याकाळी उत्तमने विचारलं, "रंगनाथला सांगितलंस का?" ती म्हणाली, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशीही उद्या. हे उद्या तर पिंप उघडलं तेव्हापासून, तीन वर्षं चाललं होतं!

का सांगवेना? कारण पाच वर्षं ती गावाची बिचारी होती. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "काय सोसलंय हो हेमलतावहिनींनी." ते ऐकायला गोड लागतं! वाइन नाही पीत आपण, पण ही नशा? ही सगळेच करतो! उपकार मानायचे म्हणजे तक्रार हातातून सोडावी लागते. आणि तक्रार फार उबदार असते हो, थंडीतल्या गोधडीसारखी.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. पौषात विहिरीने तळ दाखवला. रंगनाथच्या बागेत मणी फुगायची वेळ, नेमकं आत्ता पाणी हवं. आणि नेमकं आत्ताच गावाला न्याय आठवला! सरपंच वामनतात्यांनी देवळासमोर बैठक बोलावली. सगळे म्हणाले, त्या बाईवर अन्याय झाला, उद्यापासून निम्मं पाणी तिच्या माळाला. पाच वर्षं भांडून मागितलेलं पाणी, मंडळी, आयतं पदरात पडत होतं. माळावरच्या वेलींना ते विषच! आणि रंगनाथची बाग निम्म्या पाण्यात जगणार नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

रंगनाथ खाली बघत बसला होता. गळ्यातली माळ बोटांनी फिरवत होता. त्याने एवढंच म्हटलं, "न्याय आहे तो घ्या. मी आडवा येणार नाही."

तात्या म्हणाले, "बोल हेमलता. कबूल आहे ना?"

ती उठली. – थांबा! ती काय बोलली ते सांगते, पण आधी तुम्ही सांगा. तुमच्याही घरात, भावकीत, ऑफिसात असा एक रंगनाथ आहे. त्याने तुमची एखादी वाट बंद केली, म्हणून तुम्ही दुसरी शोधलीत आणि आज सुखाने इथे कीर्तनाला बसला आहात. त्याचा हेतू चांगला होता असं मी म्हणत नाही. तुमची तहानही खोटी नव्हती. पण मुळं खोल गेली ना? मग त्याला कधी सांगणार? उद्या?

हेमलताने पदर सावरला. वळली, तात्यांकडे नाही, रंगनाथकडे.

"भाऊजी," ती म्हणाली, "लंडनच्या बाईंनी विचारलं होतं, ही वाइन कशामुळे झाली. मी तुमचं नाव सांगितलं नाही. तुम्ही पाणी तोडलंत म्हणून झाली ती. मला तीन वर्षांपासून माहीत आहे. माझी पाळी मला नको. सगळं पाणी तुमच्या बागेला घ्या."