सईच्या रायफलची चासी

अरे, माझी एवढी फजिती आजवर झाली नव्हती. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्येच, गेल्या महिन्यात. मित्राची मुलगी सई लांब पल्ल्याच्या नेमबाजीत उतरतेय. तिच्या नव्या रायफलची चासी, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात तो अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, निवडायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. तीन आठवडे रिव्ह्यू वाचले. तिला मात्र एका शब्दाने विचारलं नाही.

चासी आली, पण तिच्या रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी भरताना मागेपुढे ओढायचा दांडा, डावीकडे आणि चासीतली खाच उजवीकडे! मी सईसमोरच स्पीकरवर कंपनीला फोन लावला आणि पलीकडच्या बाईला चांगलंच झापलं.

बाईने शांतपणे विचारलं, "सर, शूटर लेफ्टी आहे का?"

सईने हळूच होकारार्थी मान हलवली.

"अगं, मग आधी बोलली का नाहीस?"

"काका, आय थॉट तुम्हाला माहितीये. लहानपणी डाव्या हाताने जेवत होते, म्हणून तुम्हीच मला ताटावरून उठवलं होतंत ना?"

फोनवरच्या बाईला मी लगेच सॉरी म्हटलं. सईला अजून म्हणू शकलेलो नाही.