लाल ठिपक्याचा बोल्ट

न्या की ताई, तुमच्याच लेकीची सायकल आहे, मी कुठं नाही म्हणतोय — पण जरा टेका. ते स्टूल घ्या. डुगडुगतं, पण पाडत नाही. पुसून देतो म्हटलं, एवढंच. हो, मघाशीही पुसली होती. पुन्हा पुसतो. उद्या डोंगरावरून शर्यतीत उतरायचं म्हणजे चारचौघांच्या नजरेखालून जायचं — कालचा चिखल बरा दिसतो का?

हल्लीचे बोल्ट मात्र काही खरे नाहीत हं. पोलाद म्हणून विकतात आणि आत निघतं लोणी. डोक्यातल्या सहाकोनी भोकात चावी घातली, जरा जोर दिला, की आतल्या सहाही कडा गेल्या — भोक गोल, चावी आपली नुसती गरगर फिरतेय. धड आवळता येत नाही, धड सोडवता येत नाही. मग करवतीनं खाच पाडा, नाहीतर एखादी जाड चावी हातोडीनं ठोकून बसवा, तेही नाही जमलं तर ड्रिल लावून डोकंच उडवा. सगळं येतं मला. येत होतं. म्हणजे येतं हो — हात जरा थरथरतो, एवढंच, आणि ब्रेकच्या इतक्या जवळ ड्रिल धरायचं म्हणजे — कुठला ब्रेक? कुठलाही. मी आपलं असंच बोलतोय, बसल्या बसल्या.

काय पाहताय? तो लाल ठिपका होय? नेलपॉलिश. आमच्या हिची. बोल्ट पुरता आवळला की त्याच्यावर एक टिंब द्यायचं — म्हणजे हा झाला, याच्याकडे पुन्हा बघायला नको. पहिल्यांदा बाटली उचलली तेव्हा ही म्हणाली, तुमच्या बोल्टांना काय लग्नाला जायचंय? आता स्वतःच आणून देते. तुमच्या लेकीला तर त्या ठिपक्यांचं भारी वेड. सायकल घ्यायला आली की वाकून एकेक ठिपका बघणार आणि म्हणणार, आजोबा, सगळे लाल, मी निघाले. बस. ब्रेक दाबूनसुद्धा बघत नाही पोरगी. मी खारूताई म्हणतो तिला — सुळकन वर, सुळकन खाली —

हात नका लावू! नका लावू म्हटलं ना त्याला!

ओरडलो. चुकलं माझं. बसा, ताई. बसा हो. हलला ना? केसभर हललाय, पण हललाय. पुढचाच ब्रेक आहे तो. ब्रेकच्या चिमट्याला धरून ठेवणारा बोल्ट तोच. उतारावर दगडगोट्यांचे हादरे बसायला लागले, की केसभराचं बोटभर व्हायला वेळ लागत नाही.

लोणी वगैरे म्हणालो ते खरंय, पण कंपनीला उगाच बोल लावला. कंपनीचा बोल्ट चांगला होता. दुपारी तो माझ्या बोटांतून निसटला आणि त्या दारातल्या जाळीतून गटारात गेला. मग डब्यातला घातला. डबा म्हणजे काय, भंगारात गेलेल्या सायकलींचं उरलंसुरलं. भोकात चिखल वाळलेला असणार. आधी तो सुईनं उकरायचा, मग चावी घालायची — हे मीच शिकवलंय तिला. इथंच उभी होती. म्हणाली, आजोबा, सुई देऊ? मी म्हटलं, साफ आहे गं. साफ कसला? मला दिसतच नव्हतं. चष्मा खिशात होता. तिच्यासमोर काढायची लाज वाटली मला, या वयात! चावी अर्धीच आत गेली, मी जोर दिला, आणि कळलं — मनगटाला कळतं ते — कडा गेल्या. अजून आवळायचा राहिला होता.

आणि मी ठिपका दिला.

का दिला, काय सांगू? ती बघत होती. हात आपोआप बाटलीकडे गेला. ती हसली, म्हणाली, झाली! आणि बॅग भरायला घरी पळाली. तेव्हापासून मी इथं बसून सायकल पुसतोय. वाटलं होतं, ती स्वतः येईल न्यायला, तेव्हा सांगेन. तर आलात तुम्ही. तुम्हाला बघून बरंच वाटलं मला, खोटं कशाला बोलू — म्हटलं, ताईंना काय कळतंय, देऊन टाकू.

थांबा. हे बघा, ही चाकाची कळ अशी ओढली, सायकल पुढून अशी उचलली — हे आलं चाक. आता न्यायची म्हटली तरी नेता येणार नाही. चाक माझ्यापाशी राहील. तसला बोल्ट उद्यापर्यंत मिळायचा नाही, आणि मिळाला तरी जुना काढायला दुसऱ्या कोणाचे तरी हात लागतील. शर्यत गेली तिची. माझ्यामुळे गेली. रडेल, भांडेल — भांडू दे.

नाही, तुम्ही नका सांगू. तिला इकडे पाठवा. ठिपका तसाच ठेवतो, तिच्यासमोर पुसतो.

चष्मा लावून.

जा, ताई. जा आता.