काका बेटम्याला गेले नव्हते

राजेंद्र नगरातल्या सगळ्या मंडळींनो, गजभिये काकू, आणि इथे पुढे बसलेल्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई,

मला बोलायची सवय नाही. हा माइकसुद्धा आज पहिल्यांदाच हातात घेतलाय. पण गप्प बसले तर गेलेल्या माणसावर अन्याय होईल, म्हणून उभी राहिले.

गजभिये काकांना आपण सगळ्यांनी कसं पाहिलंय? ओट्यावर पेपर अंथरून बसलेले. हातात इंजेक्शनची सिरिंज, समोर शाईची बाटली आणि प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज. बोटं कायम काळी. आपण हसायचो. खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त मीच हसायचे. नवीन का नाही घेत विचारलं, की म्हणायचे, "बेटा, डबा तर साबूत आहे. फक्त शाई संपली. उसको क्यों फेंकना?" पेन्शनीत घर चालवणारा माणूस, दुसरं काय म्हणणार?

पण अशी भरलेली शाई रोज वापरावी लागते. रोज एक तरी पान छापायचं, नाहीतर ती आतच वाळते आणि प्रिंटर जाम होतो. नुसत्या रेघा छापून कागद वाया घालवणं काकांना कुठलं जमायला? त्यांनी त्या पानाला काम दिलं. आमच्या आईंच्या डोळ्यांचे पडदे गेलेत, अगदी मोठं अक्षर तेवढं दिसतं. काका रोज त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत कॉलनीची खबर छापून आणायचे. शिंदे वहिनींना नातू झाला. आज भाजीच्या ठेल्यावर गिलकी चांगली आलीत. उद्या नळ येणार नाही. चार-पाच ओळी, बस. आई घराबाहेर पडत नाहीत. ते पान डोळ्यांशी धरून त्या दुपारभर वाचायच्या.

गेल्या महिन्यात एक दिवस शाई ओली राहिली. आईंचे हात काळे झाले, आणि तेच हात आमच्या नव्या सोफ्याला लागले. मी चिडले. फार चिडले. दुसऱ्या दिवशी काकांना दारातच अडवलं. म्हणाले, "काका, किती ही कंजूसी! ओल्या शाईनं आईंचे हात काळे झाले, सोफा खराब झाला. विजय नगरला माझ्या ऑफिसात चांगला प्रिंटर आहे, मी आणीन छापून. तुम्ही आता नका येऊ."

काका एवढंच म्हणाले, "ठीक है बेटा." हातातल्या पानाची घडी केली, खिशात ठेवली आणि गेले.

मी एकही पान छापून आणलं नाही. एकही नाही.

आई रोज विचारायच्या, "आज पान नाही आलं?" मी सांगितलं, काका बेटम्याला लेकीकडे गेलेत. सरळ खोटं बोलले. आणि अकराव्या दिवशी काका गेले. झोपेतच.

तेव्हापासून आई रुसल्या आहेत. "बेटम्याहून आले, पण मला भेटलेसुद्धा नाहीत," एवढंच म्हणतात. आज इथे यायलाही तयार नव्हत्या. मेलेल्या माणसावर रुसवा, आणि तो माझ्यामुळे. सांगा, हे ओझं घेऊन मी घरी कशी जाऊ?

आई, ऐका. काका बेटम्याला गेले नव्हते. ते चार घरं सोडून इथेच होते. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं. रुसायचं तर माझ्यावर रुसा.

काल काकूंनी मला एक गठ्ठा दिला. प्रिंटर जाम होऊ नये म्हणून काका रोज छापतच होते. दहा दिवसांची दहा पानं. छापून, दोरीवर टांगून, पूर्ण वाळवून ठेवलेली. कधीतरी मी बोलवीन, असं त्यांना वाटत असणार. मी बोलावलं नाही. प्रत्येक पानाची पहिली ओळ एकच आहे. वाचते.

"वहिनी, हे पान वाळवून आणलं आहे. हाताला लागणार नाही."

अकरावं पान नाही.

काका, मला माफ करा. तुमच्या त्या काळ्या बोटांना माझा नमस्कार.

मंडळी, आता दोन मिनिटं उभे राहून शांत राहू या. आई, तुम्ही उठू नका. हा गठ्ठा तुमच्या मांडीवर ठेवते. धरा. हाताला लागणार नाही.