शालनताईची बिनक्लचची गाडी

मंडळी, पुढे सरका. खांबाआड कुणी बसू नका, आज मला सगळ्यांचे चेहरे दिसायला हवेत. पेटीवाले, तुमचा सूर थोडा वेळ राहू द्या. आज गायचं कमी आहे.

एक प्रश्न विचारतो. साधा आहे. जे ओरडत नाही, त्याला लागत नाही का?

नाही, माना डोलवू नका! माना डोलवणं फार सोपं असतं. मी तीस वर्षं लोकांना माना डोलवायला लावतोय, मला त्याची किंमत ठाऊक आहे. विचार करा. घरात जो आरडाओरडा करतो, त्याचा चहा आधी जातो की नाही? आणि जी मुकाट्यानं राबते, तिला विचारतो आपण— ‘तुझं झालं का?’ नाही! कारण ती काही बोललेली नसते. बोलली नाही म्हणजे सगळं ठीक आहे!

तुम्ही म्हणाल, बुवा आता पुराणातली एखादी सती सांगणार. नाही मंडळी. आजची गोष्ट एका मोटारीची आहे. हसा, हसून घ्या. गोष्ट माझ्या मोठ्या बहिणीच्या मोटारीची आहे, आणि त्यातला दुष्ट मी आहे. हा उभा आहे तोच. फेटा बांधलेला.

माझी ताई, शालनताई. तीन वर्षांची असताना पोलिओ झाला, डावा पाय गेला. कमरेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा बूट, काखेत कुबडी. तशा पायानं ती नर्स झाली. देवरूखला दवाखान्यात तिनं बत्तीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. मी धाकटा. माझं शिक्षण, माझी पहिली झांज, माझं लग्न— सगळ्याच्या मागे ती. आणि या बत्तीस वर्षांत ती कुठेही गेली, तर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून. ‘सोडतोस का रे?’ ‘थांबशील का जरा?’ हे तिच्या तोंडचं पालुपद!

निवृत्त झाली आणि तिनं गाडी घेतली. ऑटोमॅटिक. म्हणजे काय, तर क्लच नाही. डाव्या पायाला कामच नाही! उजव्या पायानं ब्रेक, उजव्याच पायानं वेग. मधल्या दांडीवर चार-पाच अक्षरं. डी म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, पी म्हणजे उभी. बस्स. गिअर आतल्या आत तेलाच्या जोरावर बदलतात.

पहिल्या दिवशी ती एकटी नदीच्या पुलापर्यंत गेली आणि परत आली. मी ओटीवर होतो. गाडीतून उतरली, घामाघूम झालेली. म्हणाली, “श्रीधर, आज मी कुणालाही विचारलं नाही.”

एवढंच म्हणाली. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हटलं, छान!

आता ती गाडी कशी चालवायची ते ऐका. सकाळी सुरू केली की मिनिटभर तशीच उभी ठेवायची, आतलं तेल सगळीकडे फिरू दे म्हणून. मागे घेतली की ब्रेक दाबून चाक पूर्ण थांबवायचं. पूर्ण! मग दांडी पुढे. उतारावर उभी करायची तर आधी पाय ब्रेकवर, मग हातब्रेक ओढायचा, मग पी. घाट उतरताना खालच्या गिअरला टाकायची. मी हसायचो. “ताई, गाडीला सलाईन लावलंयस की काय?” ती म्हणायची, “अरे, ती बोलत नाही ना, म्हणून आपणच बघायचं.”

ही गाडी घेऊन ती जायची कुठे? देवरूखपासून नऊ किलोमीटरवर वरचीवाडी. डोंगरावर. शेवटचा दीड किलोमीटर चढाचा, लाल मातीचा. तिथे सखाराम पांचाळ. सुतार माणूस. छपरावर कौलं चाळताना पडला, कमरेखालचं सगळं गेलं. चार वर्षं अंथरुणावर. पाठीला जखमा झालेल्या, ओंजळ मावेल एवढ्या. ताई एक दिवसाआड जायची. धुवायची, मेलेली कातडी काढायची, पट्टी बांधायची. त्याची बायको द्रौपदीवहिनी गरम पाणी घेऊन उभी. सखाराम म्हणायचा, “बाय, तू आलीस म्हंजे अर्धा दुखणा गेला.” आणि जखमा भरत आल्या होत्या, मंडळी! तळहाताएवढ्या राहिल्या होत्या.

आता माझी एन्ट्री.

फाल्गुन लागला. आमचा हंगाम! आज इथे, उद्या तिथे. माझी जुनी जीप बिघडलेली. मी म्हटलं, “ताई, एक दिवसाआड गाडी तर उभीच असते.” ती म्हणाली, “ने की. किल्ली खिळ्याला आहे.”

पहिल्याच दिवशी डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला! मागचे तिघे पुढे, पेटी त्यांच्या डोक्यावर, तबलजींचं कपाळ काचेला! अजून वण आहे. दाखवा हो तबलजी. हसू नका, पुढचं ऐका.

जीप कशी, चुकलात की करकरते. शिव्या देते, आचके देते, बंद पडते. म्हणून तिला मी जपायचो! ही बया काहीच म्हणेना. गाडी मागे जात असतानाच मी दांडी खटकन पुढे ढकलायचो. आतून ‘ठक्’ व्हायचं. झालं, चालली! थांबायच्या आत पी. हातब्रेक? त्याची काय गरज, पी आहे ना! चढावर रांगेत अडकलो तर ब्रेकऐवजी वेगावर पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलून धरायची. मला त्याचं कौतुक, बघा कशी झुलतेय! उतारावर एन टाकून सोडून द्यायची, पेट्रोल वाचतं म्हणून, आणि खाली धावत्या गाडीत पुन्हा डी. एका गावी यजमानांची मालानं भरलेली जीप खड्ड्यात रुतली होती. मी म्हटलं, बांधा दोर! ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीतून करपलेला वास आला. मला वाटलं, कुणाच्या तरी शेतात पालापाचोळा जळतोय.

आणि त्याच आठवड्यात, मंडळी, मी सव्वादोन तास ‘दया’ या विषयावर बोललो. बायका रडल्या.

ताईला कळत होतं. एकदा म्हणाली, “श्रीधर, डी टाकल्यावर गाडी जरा उशिरा उचलते रे. तू पूर्ण थांबून टाकतोस ना?” मी काय म्हणालो? “अगं ऑटोमॅटिक आहे! नाव काय तिचं? तिचं ती बघते!” तिनं किल्ली परत खिळ्याला लावली. अंगणात तांबडे ठिपके पडायला लागले. मी तबलजींवर ओरडलो, दारात पान थुंकता म्हणून! बिचारा म्हणाला, “बुवा, मी पान सोडून वर्ष झालं.” ते गाडीचं तेल होतं. थेंब थेंब गळत होतं. आणि मी? मी त्यावर पाणी ओतलं आणि निघालो.

रामनवमीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, आंब्याच्या घाटात गाडी थांबली. इंजिन चालू! पाय दाबला की गरजतंय, आणि चाक हलत नाही. डी टाकला, आर टाकला, काहीच नाही.

आता ऐका मी काय केलं. मी पहिला फोन कुणाला केला असेल? ताईला? नाही. यजमानांना! ‘दुसरी गाडी पाठवा, कीर्तन चुकायला नको.’ ताईची गाडी घाटात टाकली आणि मी गेलो. ताईला दुसऱ्या दिवशी कळवलं. ती म्हणाली, “तुम्हांला कुणाला लागलं नाही ना?”

गाडी ओढून रत्नागिरीला नेली. तिथे अन्वर मापारी म्हणून मिस्त्री आहेत. साठीचे गृहस्थ. त्यांनी गिअरबॉक्सखालचं भांडं उघडलं. तेल काळंभोर, जळका वास. त्यात एक लोहचुंबक असतो, लोखंडाचा कीस धरायला. त्यावर दाढीसारखा कीस! त्यांनी बोटावर घेऊन मला दाखवला.

“बुवा, मागून पुढे घेताना पूर्ण थांबवता?”

मी म्हटलं, “जवळजवळ.”

“उतारावर हातब्रेक?”

“पी टाकतो ना.”

“पी म्हणजे आत बोटाएवढी खुंटी आहे, बुवा. तिच्यावर तुम्ही अख्खी गाडी टांगून ठेवत होता.” मग म्हणाले, “झटके देत असेल. वास आला असेल. तेल गळलं असेल. किती दिवस?”

मी माझा रुमाल त्यांच्यापुढे केला.

“आवाज करत नाही हो ती. सांगते मात्र.” त्यांनी हात पुसले. “आता अख्खा गिअरबॉक्स बदलायचा. इथे मिळत नाही. दोन-अडीच महिने धरा.”

अडीच महिने! आणि वरच्यावाडीत सखाराम एक दिवसाआड दाराकडे डोळे लावून.

ताई पहिल्यांदा रिक्षानं गेली. रिक्षावाल्यानं चढाखाली सोडलं, वर जाईना. दीड किलोमीटरचा चढ, लोखंडी बुटाचा पाय आणि कुबडी. दोन तास लागले तिला. पट्टी बांधली, उतरली. दुसऱ्यांदा तशीच गेली. तिसऱ्यांदा घसरली. उजवं मनगट मोडलं, कुबडी धरायचा हात तोच. संपलं. ताई घरात बसली.

मला म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे काही मागितलं, “श्रीधर, मला वर नेऊन आणशील का? मी एका हातानं धरून सांगेन, तू बांध.”

मी म्हटलं, “नेतो की! मंगळवारी एकाची जीप मिळतेय.”

मंगळवारी नेलं. सखारामच्या जखमा पुन्हा ओंजळीएवढ्या झाल्या होत्या. वहिनी आपल्या परीनं करत होती, पण तिला कुणी शिकवलं होतं? मला तो वास सोसवेना. मी बाहेर येऊन उभा राहिलो. ताईनं डाव्या हातानं, दातात पट्टी धरून बांधलं. निघताना म्हणाली, “सखाराम, गुरुवारी येते हां.”

गुरुवारी मला एका गावी कीर्तन होतं. शनिवारी दुसरं. “पुढच्या मंगळवारी नक्की” असं मी तीनदा म्हणालो. ताई प्रत्येक वेळी म्हणाली, “बरं.” तिनं एका परिचारिकेला फोन केला, दवाखान्यात केला. सगळे हो म्हणाले. चढावर कोण जातंय?

ती रोज सकाळी पट्ट्या, कापूस, औषधाची बाटली पिशवीत भरून ओटीवर ठेवायची. संध्याकाळी उचलून आत न्यायची. मी बघत होतो, मंडळी. माझ्या डोळ्यांसमोर ती पिशवी आत-बाहेर होत होती.

वैशाखात सखारामला ताप भरला. जखमेचं विष अंगात भिनलं. डोलीतून खाली आणला, तोवर शुद्ध गेली होती. तिसऱ्या दिवशी गेला.

मी ताईला घेऊन वरच्यावाडीला गेलो. त्या दिवशी बरोबर जीप मिळाली! कसं असतं बघा, माणूस गेल्यावर गाड्या मिळतात. द्रौपदीवहिनी दारात बसली होती. मला वाटलं होतं शिव्या देईल. मी तयार होतो, मला त्या हव्याच होत्या. तिनं ताईच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाय, तुझा हात कसा हाय? तुलाच त्रास झाला गो आमच्यापायी.”

मी देवळात जन्म काढलेला माणूस. त्या दारात मला देवाचं एक नाव आठवेना.

परतीच्या वाटेवर मी जीप थांबवली. म्हटलं, “ताई, मला बोल. काहीतरी बोल. गाडी मी मारली. सखारामही मीच—”

ती बाहेर बघत होती. म्हणाली, “बोलून काय होणार आता, श्रीधर?” मग म्हणाली, “चल. ऊन होतंय.”

गाडी आषाढात परत आली. नवा गिअरबॉक्स, मऊ चालते. आणि ताई? तिचं मनगट वाकडं जुळलंय. बाजारापर्यंत जाते, परत येते. वरच्यावाडीची वाट घेत नाही. दुसऱ्या कुणाची पट्टी बांधायलाही जात नाही. बोलावणी आली, एक-दोन आली, म्हणाली— “माझ्याच्यानं आता नेम पाळला जायचा नाही.” बत्तीस वर्षं आणि वर सखारामची चार! जिनं आपण होऊन एक दिवस चुकवला नाही, ती असं म्हणाली. तिच्या आतलं काय मोडलंय, ते कुठल्या मिस्त्रीला दाखवू मी?

आज इथे यायला निघालो, तर काय म्हणाली ठाऊक आहे? “पाऊस आहे, एसटीनं कशाला जातोस? गाडी ने.”

मी चालत स्टँडवर गेलो. त्यानं काही फिटत नाही. मला माहीत आहे.

मंडळी, तुम्ही मला बोध विचाराल. कीर्तनकारानं शेवटी द्यायचा असतो. गाडी असेल तर मापारींनी सांगितलेलं पाळा, हे तर आहेच. पण तेवढ्यासाठी मी उभा नाही. तुमच्याही घरात कुणीतरी आहे. सासू असेल, वहिनी असेल, थोरला भाऊ असेल. विचारलं की “काही नाही” म्हणणारं. तुम्हांला आत्ता ते माणूस आठवलंय, मला तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय! त्याला आज घरी जाऊन ‘बरं आहे ना?’ असं विचारू नका. ते ‘हो’च म्हणेल. आयुष्यभर तेच म्हणत आलंय. त्याच्याजवळ नुसते बसा, आणि नीट बघा. चालताना कुठे अडखळतं, जेवताना कुठे थांबतं. मी सुरुवातीला प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला सापडलं, पण ते घेऊन जायचं कुणाकडे? सखाराम नाही. ताई बोलत नाही. म्हणून तुमच्याकडे आलो.

तुमच्या हातात अजून वेळ असेल. असला तर आजच उठा.

आता आरती तुम्हीच म्हणा. देवाच्या नावाचा गजरही तुम्हीच करा. मी इथे पायरीवर, खाली बसतो.